कलम नऊ आणि पहिली आंघोळ

दिवाकर गुरसाळे आणि शैलजा हत्तुरे यांचा घटस्फोट इतका सुरळीत झाला की दोन्ही वकिलांची तोंडं उतरली. फ्लॅट दोघांच्या नावावर होता. तो दिवाकरकडे राहिला आणि शैलजाचा अर्धा हिस्सा मुलीच्या नावावर चढला. लग्नातली भांडी, दागिने, आईने दिलेली शिसवी पेटी असं सगळं स्त्रीधन एका टेम्पोत बसून तिच्या माहेरी, मार्केट यार्डाजवळच्या हत्तुऱ्यांच्या वाड्यावर गेलं. पोटगी तिने नको म्हटली. भुसार दुकानात बसून मी नवऱ्यापेक्षा जास्त मिळवते, हे तिने कोर्टात मान वर करून सांगितलं आणि दिवाकरने मान खाली घालून ते कबूल केलं. आठ वर्षांच्या शर्वरीचा ताबा आईकडे, दर शनिवारी सकाळी दहा ते रविवारी सकाळी दहा बाबांकडे. इतकी समजूतदार माणसं वेगळी कशाला होताय, असं समुपदेशक बाईंनी विचारलं तेव्हा दोघंही एकमेकांकडे बघत राहिली, उत्तर त्याने द्यावं की तिने, याची वाट बघत.

खरं कारण तेच होतं. नऊ वर्षांच्या संसारात दोघांनी एकमेकांकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. दिवाकरला चहा हवा असला की तो स्वयंपाकघरात जाऊन कपबशा वाजवायचा. शैलजाचं काही बिनसलं की ती कपाटाची दारं आपटायची. समोरच्याने आपणहून ओळखावं, एवढीच दोघांची माफक अपेक्षा. एकदा बेडरूमचा पंखा करकरायला लागला. दिवाकर आयटीआयमध्ये वायरमनच्या पोरांना शिकवायचा, दिवसाला चार पंखे खोलून जोडायचा. पण ती 'दुरुस्त कर' म्हणेना आणि हा 'करू का' विचारेना. आठ महिने दोघं त्या करकरीखाली डोळे टक्क उघडे ठेवून झोपले. शेवटी शैलजाने बाहेरचा माणूस बोलावून पंखा दुरुस्त करून घेतला, आणि तो माणूस नेमका दिवाकरचाच जुना विद्यार्थी निघाला. दिवाकरच्या मते घटस्फोट त्या दिवशीच झाला. कोर्टाने नंतर शिक्का तेवढा मारला.

तर त्या सुरळीत करारात एक कलम नऊ होतं. 'दिवाळीचा दिवस शर्वरी वडिलांकडे राहील.' हे कलम शैलजाने स्वतः सुचवलं होतं आणि त्यात तिचा मोठेपणा होता. दिवाकरच्या घरी दिवाळी म्हणजे पहिली आंघोळ, हे तिला माहीत होतं. पहाटे साडेचारला तेल, उटणं, पाटाभोवती रांगोळी, पणत्या, मग दिवस उजाडायच्या आत फराळ, आणि तिथून पुढचे चार दिवस नुसती झोप. दिवाकरची आई गुडघ्यांमुळे खाली बसेनाशी झाली तेव्हापासून शर्वरीला, त्याच्या शरूला, ही आंघोळ दिवाकरच घालायचा. आई गेली, तरी घालायचा. शैलजाच्या माहेरी याचं कुणाला काही नाही. सणाची आंघोळ तिथे कुणीही, कधीही, हाताला लागेल त्या शाम्पूने उरकायचा. त्यांची दिवाळी लक्ष्मीपूजनाला, संध्याकाळी, दुकानाच्या गादीवर. म्हणजे आंघोळीचा दिवस याचा, पूजेचा दिवस तिचा. दोघांनी माना डोलावल्या. वेळेचा मजकूर तेवढा शनिवारच्या कलमावरून जसाच्या तसा उतरवला गेला, सकाळी दहा ते दुसऱ्या दिवशी सकाळी दहा. त्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही.

उरलेला घोटाळा केला तो तिथींनी. वेगळं झाल्यानंतरची पहिलीच दिवाळी, आणि दिवाकरने दसऱ्याला कॅलेंडर उलटून बघितलं तर नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच चौकोनात दाटीवाटीने बसलेले. पहाटे आंघोळ, संध्याकाळी पूजा, सगळं सोमवारी. त्याने कराराची प्रत काढली, कलम नऊ वाचलं आणि मटकन खाली बसला. सकाळी दहाला मुलगी येणार. म्हणजे पहिली आंघोळ माहेरच्या नळाखाली शाम्पूने उरकून, केस वाळवून येणार. आणि लक्ष्मीपूजनाला ती त्याच्याकडे असणार, जिथे पूजा म्हणजे एका वाटीत चांदीचा रुपया ठेवायचा आणि लगेच जेवायला बसायचं. जिला आंघोळीचं काही नाही तिला आंघोळ, आणि ज्याला पूजेचं काही नाही त्याला पूजा.

एखाद्या शहाण्या माणसाने अशा वेळी फोन उचलला असता. दिवाकरने उचललाही, पण वकिलाला लावला.

देगावकर वकील पंचांग फक्त सुट्ट्या बघायला उघडायचे. त्यांनी सल्ला दिला की थोडकं मागितलं तर कोर्ट त्यातलंही निम्मं देतं, तेव्हा भरपूर मागू. अर्ज झाला तो असा: 'दिवाळीचा दिवस' याचा अर्थ आदल्या संध्याकाळपासून पाडव्याच्या सकाळपर्यंत असा लावण्यात यावा. आंघोळ हा शब्द अर्जात कुठेच नव्हता. दिवाकरने तो घालायला सुचवलं तेव्हा देगावकर म्हणाले की कोर्टात आंघोळ शोभत नाही, 'सांस्कृतिक जडणघडण' लिहू. मग ते लिहिलं.

नोटीस दुकानात पोचली तेव्हा शैलजा गादीवर बसून तुरीचे नमुने बघत होती. तिने ती दोनदा वाचली आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिचंही खरं होतं. ती माहेरी परत आली त्याच आठवड्यात थोरल्या भावाने, बसवराजने, हक्कसोडपत्राचा कागद तिच्यापुढे ठेवला होता. बहिणीने वडिलांच्या मिळकतीतला हिस्सा भावाला सोडून द्यायचा आणि वर्षाला एक साडी घ्यायची, असा तो रिवाज. शैलजाने चष्मा लावून कागद वाचला, लाल पेनने त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या आणि सही न करता परत दिला. लेकीचाही वाटा मुलाइतकाच, हे कायद्यात आहे आणि मला ते पाठ आहे, एवढं बोलून ती दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बसली. वडिलांनी तिच्यासाठी गादीवर जागा केली. यंदाच्या लक्ष्मीपूजनाला तिथे ती बसणार होती, आणि तिच्या शेजारी शरू बसायला हवी होती, बसवराजच्या डोळ्यांसमोर. अशा वेळी हा गृहस्थ पोरगी दोन दिवस मागतोय.

तीही फोन उचलू शकली असती. तिने तांबोळी मॅडमना गाठलं.

शमीम तांबोळी या कौटुंबिक कोर्टातल्या अतिशय तयारीच्या वकील. कागद हातात घेतला की तळ गाठल्याशिवाय सोडायच्या नाहीत. त्यांनी तीन पंचांगं विकत आणली, शेजारच्या भटजींकडे दोन संध्याकाळी बसल्या आणि उत्तर दाखल केलं: दिवाळीचा दिवस म्हणजे उभयपक्षी ठरल्याप्रमाणे चतुर्दशी. यंदा चतुर्दशी दुपारी पावणेतीनला संपते. सबब वडिलांचा हक्कही पावणेतीनला संपतो, आणि त्यानंतर एक मिनिटही मुलीला ठेवून घेतल्यास तो आदेशाचा भंग होईल.

दिवाकरने ते उत्तर वाचलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणे पावणेतीन! वास्तविक त्याला उजाडल्यानंतरचं, म्हणजे पावणेसातनंतरचं, काहीही नको होतं. पण आता प्रश्न माघार कोण घेणार याचा होता, आणि त्या बाबतीत दोघंही कसलेले होते.

सुनावणी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी लागली, सुट्टीपूर्वीच्या शेवटच्या दिवशी. कोर्टात कुणाचंच लक्ष कामात नव्हतं. शिरस्तेदार मोबाइलवर गाडीचं आरक्षण बघत होते, स्टेनो बाईंच्या टेबलाखाली चकलीच्या सोऱ्याचा खोका होता. जज मॅडम पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी अर्ज वाचला, उत्तर वाचलं आणि काय ते सांगा म्हणाल्या.

देगावकर उठले. दिवाळी हा सण अखंड आहे, त्याचे तुकडे पाडता येत नाहीत, असं ते बरंच काही बोलले. तांबोळी मॅडम उठल्या त्या पंचांग उघडूनच. सूर्योदयाला जी तिथी असते ती त्या दिवसाची मानायची, पण अभ्यंगाला चंद्रोदय बघतात आणि लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळी अमावास्या लागते, हे त्यांनी तीन पंचांगांतून पानांवर बोट ठेवून दाखवलं. अमावास्येला देगावकरांनी हरकत घेतली, तेव्हा बाईंनी त्यांना प्रदोष म्हणजे काय ते विचारलं. देगावकर घाम पुसत खाली बसले.

"थांबा," जज मॅडम म्हणाल्या. "मला एक साधं सांगा. दिवाळीचा दिवस म्हटला की माणसाच्या डोळ्यांपुढे कुठला दिवस येतो?" आणि त्यांनी चष्म्यावरून शिरस्तेदारांकडे पाहिलं.

शिरस्तेदारांनी मोबाइल पालथा घातला. त्यांच्यात पाडवा, कारण ते स्वतः जावई आहेत, सासुरवाडीला ओवाळणी असते. स्टेनो बाईंच्यात भाऊबीज. त्या पाच बहिणी आणि भाऊ एक, त्यामुळे तो आठवडाभर आधीपासून फोन उचलत नाही. दारातला पट्टेवाला कुणी न विचारताच म्हणाला, "आमच्यात वसुबारस बघा मॅडम. गाय हाय की घरी." मागच्या बाकावर दुसऱ्याच खटल्यासाठी आलेल्या एक आजी उठून उभ्या राहिल्या आणि आमच्यात कार्तिकी पौर्णिमा म्हणाल्या. त्यांना बसायला सांगण्यात आलं.

"आणि माझ्या घरी," जज मॅडम म्हणाल्या, "गावाला गेलेली कामवाली परत येते तो दिवाळीचा दिवस. तेव्हा या मुद्द्यावर कोर्ट काही ठरवू शकत नाही." त्यांनी कागद बाजूला सारले. "सोळा पानं वाचली मी. दोघांपैकी कुणाला नेमकं काय हवंय, ते एका ओळीत कुठेही नाही. आई-वडिलांनी बाहेर व्हरांड्यात जाऊन बोलावं. वकिलांनी इथेच बसावं. पंधरा मिनिटं."

व्हरांड्यात एक लांब बाक होता. शैलजा एका टोकाला बसली, दिवाकर दुसऱ्या. मध्ये चार माणसं आरामात मावली असती. समोर चहाची टपरी होती आणि दिवाकरला चहा हवा होता. वाजवायला कपबशा नव्हत्या, म्हणून तो खिशातल्या किल्ल्या वाजवत बसला. शैलजाने पर्सची चेन उघडली, जोरात लावली. पुन्हा उघडली, पुन्हा लावली.

पाच मिनिटं अशी गेली.

दिवाकरच्या मनात सगळं वाक्य तयार होतं. मला फक्त शरूला आंघोळ घालायची आहे. एवढंच. पण ते जिभेवर आलं की त्याला वाटायचं, हिला कळत नाही का? पाच वर्षं हिने बघितलंय. पहाटे मी पाणी तापवतोय, रांगोळी काढतोय, हिने अंथरुणातून एक डोळा उघडून बघितलंय. मग तोंडाने कशाला सांगायला लावते? आणि त्याच दमात त्याला हेही कळत होतं की ती पलीकडच्या टोकाला बसून अगदी हाच विचार करत असणार, दुसऱ्या कशाबद्दल तरी. त्याला हसू आलं आणि हसताहसताच तो घाबरला. दहा मिनिटांनी आत बोलावतील. मॅडम कंटाळून कलम आहे तसंच ठेवतील, सकाळी दहा. शरू धुतल्या केसांनी दारात उभी राहील. पुढच्या वर्षी ती नऊ वर्षांची होईल, मग दहा, मग तिला बाबांच्या हातून तेल लावून घ्यायची लाज वाटेल. अशा आंघोळी आता फार तर दोन-तीन उरल्या होत्या, आणि त्यातली एक तो या बाकावर बसून घालवत होता.

"शैला," तो म्हणाला. आवाज भलताच चिरका निघाला. "मला तिला पहिली आंघोळ घालायचीये. पहाटे. बाकी काही नको. पूजा नको, रात्र नको. तेवढं दे मला."

शैलजाची चेन अर्ध्यावर थांबली. ती त्याच्याकडे बघतच राहिली. पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसाकडेही तिने इतकं नवलाने बघितलं नव्हतं.

"हे अर्जात का नाही लिहिलंस?"

"वकील म्हणाले, कोर्टात आंघोळ शोभत नाही."

"मग सांस्कृतिक जडणघडण म्हणजे..."

"उटणं."

ती हसली नाही, पण तोंड फिरवायला तिला जरा वेळ लागला. "मला वाटलं, तुला लक्ष्मीपूजन हवंय. मला अडवायला. दादासमोर."

"मला तुझ्या दादाशी काय करायचंय? आमच्याकडे तर एक रुपया ठेवतात वाटीत."

"माहितेय की. नऊ वर्षं बघितलाय तो रुपया." ती थोडी त्याच्या बाजूला सरकली, एका माणसापुरती. "पहाटे किती वाजता?"

"साडेचार."

"म्हणजे मला चारला उठायला लागणार."

दिवाकरने तोंड उघडलं आणि मिटलं. यावर काही बोललं की नासणार, हे त्याला इतक्या वर्षांच्या अनुभवाने कळलं होतं. शैलजा उठली, साडी झटकली आणि चल म्हणाली.

आत गेल्यावर दोघांनी ठरलं ते सांगितलं आणि जज मॅडमनी स्टेनोला मजकूर सांगायला सुरुवात केली. मुलगी पहाटे साडेचार ते दुपारी दोन वडिलांकडे, त्यानंतर आईकडे, आणि यापुढे दर वर्षी आंघोळ वडिलांकडे व लक्ष्मीपूजन आईकडे, मग तिथी कशाही पडोत. कुणाच्या विनंतीवरून बदल केला असं लिहू, असं त्यांनी विचारलं. देगावकर घाईघाईने उभयपक्षी म्हणाले. वकिलांच्या भाषेत त्याचा अर्थ, कुणीच हरलं नाही.

"नाही," दिवाकर म्हणाला. "माझ्या विनंतीवरून. मीच मागितलं."

देगावकरांनी कपाळावर हात मारून घेतला. तांबोळी मॅडमनी पंचांगं पिशवीत भरताभरता दिवाकरकडे जरा आदराने पाहिलं. शैलजा खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे कान लाल झाले होते.

सोमवारी दिवाकर तीनलाच उठला. त्याने पाणी तापवलं, पाट मांडला, रांगोळी काढली आणि ती वाकडी आली म्हणून पुसून पुन्हा काढली. तेल कोमट केलं. आईच्या मापाने उटणं कालवलं, थोडं जास्तच झालं. चार वाजून वीस मिनिटांनी खाली स्कूटरचा आवाज आला, आणि मग जिन्यावर दोघींची पावलं. शरू शालीत गुंडाळलेली, चालत होती पण झोपेत. शैलजाच्या हातात नव्या फ्रॉकची पिशवी होती.

"तेल लावलेलं नाही हं डोक्याला," ती दारातूनच म्हणाली. "आई कालपासून मागे लागली होती. मी हात लावू दिला नाही कुणाला. म्हटलं, तुला लावायचं असतं."

हे त्याने मागितलं नव्हतं. तिने ओळखलं होतं. दिवाकरने शरूचा हात धरून तिला न्हाणीघराच्या दाराशी जुन्या फ्रॉकवरच पाटावर बसवलं आणि तिच्या टाळूवर तेल थापलं. शरूचा एक डोळा उघडला. आंघोळीच्या पहिल्या तांब्याला फुलबाजी पेटवायची, ही त्यांच्या घरची जुनी पद्धत होती, आणि दिवाकरला आत्ता कळलं की त्याचे दोन्ही हात तेलाने माखलेले आहेत आणि घरात तिसरं कुणी नाही. दरवर्षी ते कोण करायचं, हे त्याला आठवलं. शैलजा, अंथरुणातून उठून, डोळे चोळत, पुटपुटत.

"शैला, जाऊ नकोस. फुलबाजी धरशील का जरा? माझे हात..."

"आठवड्यात दोनदा," ती म्हणाली आणि चपला काढून आत आली. "सवय लागली वाटतं मागायची."

तिने फुलबाजी निरांजनावर पेटवली. पांढऱ्या ठिणग्या भिंतीभर नाचल्या. शरूचा दुसराही डोळा उघडला आणि ती टाळ्या पिटायला लागली. दिवाकरने तिच्या हातापायांना उटणं चोळलं आणि पहिला तांब्या ओतला.

"गरम आहे, बाबा."

"दिवाळीला गरमच असतं."

शरूने ते मान्य केलं आणि मग तिला दुसरीच काळजी लागली. "बाबा, उजाडायच्या आत आंघोळ नाही केली तर नरकात जातात ना? आईने अजून नाही केली. पारोशीच आलीये."

"हत्तुरे तिथेही दुकान टाकतील," दिवाकर म्हणाला.

शैलजा फसकन हसली. फुलबाजीची तार विझून वाकली तरी ती हसतच होती. दोन वर्षांत दिवाकरने ते हसणं ऐकलं नव्हतं, आणि ते त्याला फार आवडायचं हेही तो विसरून गेला होता. काही परत जुळणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी त्याला बरं वाटलं, अगदी पोटातून बरं वाटलं.

मग ती दाराशी गेली. चपला घातल्या, स्कूटरची किल्ली हातात घेतली. आणि गेली नाही. किल्ली या हातातून त्या हातात. दाराची कडी उघडली, लावली, पुन्हा उघडली. दिवाकरने मान वर करून बघितलं. आवाज त्याच्या ओळखीचा होता. तिचा डोळा पाटाजवळच्या उटण्याच्या वाटीवर होता, हेही त्याला दिसलं. उचलून हातात द्यायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसतं. पण तो थांबला. या वेळी हट्टाने नाही थांबला. व्हरांड्यातल्या त्या बाकावर बोलून टाकल्यावर आपल्याला केवढं हलकं वाटलं होतं ते त्याला आठवत होतं, आणि तिलाही ते मिळावं असं त्याला वाटलं.

कडी आणखी एकदा वाजली.

"ते उटणं," शैलजा भिंतीकडे बघत म्हणाली, "उरलंय का थोडं? तुझ्या आईच्या मापाचं आहे ना? आमच्याकडे वहिनी शाम्पूची पुडी टेकवते हातावर. मला... मला हवंय ते. दे ना थोडं."

दिवाकरने ओल्या हाताने अख्खी वाटीच पुढे केली. तिने ती दोन्ही हातांनी घेतली, वर रुमाल बांधला आणि जिना उतरली. खाली स्कूटर सुरू व्हायला जरा वेळ लागला.

"आई काय मागत होती?" शरूने विचारलं.

"उटणं."

"दिलंस?"

"दिलं की. मागितल्यावर देतातच."

शरूने यावर बराच विचार केला. तिच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. "मग तुम्ही दोघं आधी का नाही मागायचात?"

दिवाकरने दुसरा तांब्या भरून घेतला आणि उत्तराऐवजी तो तिच्या डोक्यावर ओतला. डोळ्यांत गेलं म्हणून शरू ओरडायला लागली.